अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरला का, हे तपासायची पद्धत आली कुठून

जुलै महिना लागला की तालुक्याच्या ठिकाणी रिटर्न भरणाऱ्या प्रत्येक ऑफिसात दिवसभर एकच प्रश्न चालू असतो, अ‍ॅडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष संपायच्या आधीच हप्त्यांनी भरायचा इन्कमटॅक्स, किती भरला होता भाऊ, आणि उत्तरही बहुतेक एकच येतं, "भरला न साहेब, खात्यातून पैसे गेले मायावाले." माणूस खोटं बोलत नसतो, पैसे खरंच गेलेले असतात. पण ते कोणत्या पॅनवर गेले, कोणत्या वर्षाच्या नावानं जमा झाले हे त्याला माहीत नसतं, आणि रिटर्न भरणाऱ्यानं नुसतं त्याच्या शब्दावर आकडा टाकला तर काही महिन्यांनी बंगळुरूच्या रिटर्न तपासणाऱ्या सेंटरहून डिमांड येते, म्हणजे टॅक्स बाकी आहे, भरा अशी नोटीस. लोकांना वाटते हे तपासणं म्हणजे साहेबाचा नवीन नखरा आहे, आधी नव्हतं. आधी ते वेगळ्या हातात होतं, एवढंच. म्हणून थोडं मागून सांगतो.

इन्कमटॅक्स आपल्याकडे १८६० मध्ये आला, सत्तावनच्या उठावानंतर इंग्रजांची तिजोरी खाली झाली होती तेव्हा जेम्स विल्सननं आणला. पण कमाई होत असतानाच, वर्ष संपायची वाट न पाहता टॅक्स भरत जायचा, ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. महागाई वाढत होती, सरकारला पैसा लवकर पाहिजे होता आणि लोकांच्या हातातला थोडा कमीही करायचा होता, म्हणून १९४४ मध्ये त्या वेळच्या १९२२ च्या कायद्यात कलम १८ए घातलं. त्यात इन्कमटॅक्स अधिकारी आदेश काढायचा की तुमचं मागचं ठरलेलं उत्पन्न इतकं होतं, त्यावर इतका टॅक्स, तो १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला भरा. आज ज्या तारखा आपण पाठ म्हणतो त्या इतक्या जुन्या आहेत. आणि आकडा अधिकाऱ्याच्या टेबलावरून निघायचा, करदात्याला तो जास्त वाटला तर त्यानं स्वतःचा अंदाज द्यायचा. १९६१ चा कायदा १ एप्रिल १९६२ पासून लागू झाला तरी गाडी बरीचशी त्याच वळणावर राह्यली, कलम २१० ची नोटीस यायची आणि व्यापारी ती घेऊन वकिलाकडे यायचा. इकडे टॅक्सचं काम करणाऱ्याला लोक अजूनही वकील साहेबच म्हणतात, मग तो सीए असो की साधा कन्सल्टंट.

खरा बदल १९८८ मधला. नोटिसीची वाट पाहायची नाही, ज्याला टॅक्स लागतो त्यानं स्वतःच हिशोब करायचा आणि स्वतःच भरायचा, असं झालं आणि १९८९ पासून कलम २३४बी आणि २३४सी चं व्याज आलं, म्हणजे ९० टक्क्यांपेक्षा कमी भरला तरी व्याज आणि हप्ता चुकला तरी व्याज. आज हे व्याज महिन्याला १ टक्का आहे आणि तुटक महिना पूर्ण धरला जातो. मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण आधी भरण्याची सुरुवात सरकारी कागदापासून व्हायची म्हणून नोंद अधिकाऱ्याकडे आधीच असायची, आता सुरुवात दुकानदाराच्या गल्ल्यापासून व्हायला लागली आणि सरकारला फक्त जमा झालेले पैसे दिसायला लागले, ते कोणाचे आणि कशाचे हे चलनावर, म्हणजे टॅक्स भरायच्या फॉर्मवर, जे लिहिलं असेल त्यावरच.

आणि अंदाज करायचा म्हणजे आमच्या भागात काय भानगड आहे हे शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नाही, पण शेतीवर जगणाऱ्या धंद्यावर आहे. कृषी सेवा केंद्रवाल्याचं बी-बियाणं खत जूनमध्ये विकलं जाते, बरंचसं उधारीवर, आणि वसुली दिवाळीनंतर, ती पण सोयाबीन आणि कापूस कसा पिकला त्याच्यावर. जिनिंगवाल्याचा सीझन दिवाळीपासून पुढे फेब्रुवारी-मार्चपर्यंत. वरूड-मोर्शीकडे संत्र्याचा व्यापारी आंबिया बहाराला वेगळा कमावतो, मृगाला वेगळा, आणि गारपीट झाली की सगळं गणित गेलं. अशा माणसाला १५ जूनला विचारा की यंदा नफा किती होईल, तो आभाळाकडेच पाहणार न. म्हणून तो थोडं जूनमध्ये, थोडं डिसेंबरात आणि उरलेलं मार्चच्या शेवटी जसा पैसा हाती येईल तसं भरतो, कधी एका खात्यातून कधी दुसऱ्या, आणि वर्षाअखेरी पाच-सहा चलनं होतात ज्यातली दोन त्याला आठवतात.

२०१६-१७ च्या आधी साध्या करदात्याला तीन हप्ते होते, सप्टेंबरात ३० टक्के, डिसेंबरपर्यंत ६० आणि मार्चपर्यंत पूर्ण, जूनचा हप्ता फक्त कंपन्यांना होता. त्या वर्षापासून सगळ्यांना चार झाले, १५, ४५, ७५ आणि १०० टक्के. त्याच वर्षी कलम ४४एडी मध्ये अंदाजी नफा दाखवणाऱ्या लहान दुकानदारांची सूट गेली, त्यांना तोवर अ‍ॅडव्हान्स टॅक्स लागतच नव्हता, आता १५ मार्चला एकदम भरायचा झाला. अडत्यांना मात्र तो एका हप्त्याचा फायदा नाही, कारण कमिशनच्या धंद्याला ४४एडी लागूच नाही, बाजार समितीतल्या ज्या अडत्याला अ‍ॅडव्हान्स टॅक्स लागतो त्याला चारही तारखा पाळाव्या लागतात, आणि हे कित्येक अडत्यांना अजून कोणी नीट सांगितलेलं नाही. उलट साठीच्या वरचा रिटायर्ड गुरुजी, ज्याचा काही धंदा नाही, त्याला २०१२-१३ पासून अ‍ॅडव्हान्स टॅक्स माफ आहे, तो उगाच घाबरून येतो.

आता तपासायचं. जुन्या काळात चलन चार प्रतींत भरायचं, आणि प्रत्येक बँक शाखा ते घेत नव्हती, ठराविक शाखाच. तालुक्याच्या माणसाला यवतमाळ, वर्धा, अकोला असं जिल्ह्याला जावं लागे, एसटीनं जाऊन रांगेत उभं राहून शिक्का मारून आणायचं. पण चलन बहुतेक वकील साहेबाच्या ऑफिसातच लिहिलं जायचं, म्हणून किती भरलं, कशावर भरलं हे त्याच्या फाइलमध्ये पक्कं असायचं आणि शिक्क्याची प्रत रिटर्नला टाचून द्यायची. त्या काळी शंका असायची ती सरकारकडे नोंद लागली का याची, अधिकाऱ्याच्या रजिस्टरात चलन सापडलं नाही तर ती शिक्क्याची प्रत हाच पुरावा, आणि ती ज्यानं हरवली त्याचे हाल.

२००४ मध्ये ओल्टास नावाची ऑनलाइन व्यवस्था आली आणि चार प्रतींचं एका प्रतीचं चलन झालं, नंबर २८०. खाली फाडायची पावती, तिच्यावर तीन गोष्टी, बँक शाखेचा सात आकडी बीएसआर कोड, भरल्याची तारीख आणि पाच आकडी चलन नंबर. हे तीन मिळून त्या पैशाची ओळख झाली. त्याच वर्षी एनएसडीएल या कंपनीनं चालवलेलं टॅक्स इन्फर्मेशन नेटवर्क सुरू झालं, तिथं हे तीन आकडे टाकले की बँकेनं चलन वर पाठवलं का ते दिसायचं. तालुक्याला तेव्हा नेट कॅफेत बसून हे पाहावं लागायचं, लाइट गेली की झालं. मग २००७ मध्ये रिटर्नला काही जोडायचंच नाही असे नवे फॉर्म आले. पावती जोडणं बंद, फक्त आकडे लिहायचे. माझ्या मते तपासण्याचं काम रिटर्न भरणाऱ्यावर पक्कं आलं ते या दिवशी, कारण आता कागद पाहणारा अधिकारी मधात राह्यलाच नाही, बंगळुरूचं सेंटर सुरू झाल्यावर तर मशीनच जुळवायला लागली, जुळलं तर क्रेडिट, नाही जुळलं तर कलम १४३(१) ची डिमांड आणि वर व्याज.

आणि न जुळायची कारणं तेव्हा भरपूर होती. बँकेतला क्लार्क हातानं टाइप करायचा, पॅनमधलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं की पैसे दुसऱ्याच्या नावावर. कागदी चलनाची दुरुस्ती बँकेकडून करून घ्यायची सोय २०११ मध्ये झाली, पण ती ठराविक दिवसांतच, पॅन किंवा वर्ष चुकलं असेल तर सात दिवस, त्यानंतर थेट असेसिंग ऑफिसरकडे, म्हणजे आपली फाइल पाहणाऱ्या इन्कमटॅक्स अधिकाऱ्याकडे अर्ज. टीडीएसच्या, म्हणजे पैसे देणाऱ्यानंच आधी कापून भरलेल्या टॅक्सच्या बाबतीत तर असा गोंधळ इतका वाढला की दिल्ली हायकोर्टानं स्वतःहून दखल घेऊन २०१३ मध्ये खात्याला निर्देश दिले.

फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा टॅक्सचा सरकारी उतारा, त्यानं मोठी सोय केली हे मान्यच करायला पाहिजे, त्याच्या भाग सी मध्ये अ‍ॅडव्हान्स टॅक्सची चलनं एकाखाली एक दिसायची, रिटर्नवाला ते उघडायचा, जुळवायचा, विषय संपला. जुन्या लोकांच्या हाताला तीच सवय लागली आणि आज अडचण तिथेच होते, कारण असेसमेंट इयर (कमाईच्या पुढचं वर्ष) २०२३-२४ पासून २६एएस मध्ये फक्त टीडीएस-टीसीएस, म्हणजे दुसऱ्यानं कापलेला किंवा गोळा केलेला टॅक्स दिसते, स्वतः भरलेला टॅक्स पाहायला एआयएस, म्हणजे पोर्टलवरचा वर्षाचा माहितीचा उतारा उघडावं लागते, जे नोव्हेंबर २०२१ मध्ये आलं. सवयीनं २६एएस उघडलं, काही दिसलं नाही, म्हणून टॅक्स भरलाच नाही असं धरून माणसाला दुसऱ्यांदा भरायला लावायचं, हे फार वाईट. तिसरी जागा म्हणजे इन्कमटॅक्सच्या पोर्टलवर ई-पे टॅक्स या ऑनलाइन भरण्याच्या सोयीतली पेमेंट हिस्ट्री, तिथं चलन लवकर दिसते, एआयएसला यायला काही दिवस लागू शकतात.

ही ई-पे टॅक्सची सोय आली आणि चित्र उलटं झालं. आता पैसे पडताच सरकारला कळते, पण रिटर्न भरणाऱ्याला कळत नाही. पोरगा पुण्याला नोकरीवर आहे, तो तिथून बापाच्या पॅनवर मोबाइलनं भरून देतो, नेट बँकिंग, कार्ड, यूपीआय, काहीही चालते. भरणारा हुशार असला तरी त्याला माहीत नसते की वडिलांचा एक पॅन स्वतःचा आणि एक एचयूएफचा, म्हणजे हिंदू एकत्र कुटुंबाचा आहे, दुकान फर्मचं आहे आणि फर्मचा पॅन तिसराच. नाव सारखंच दिसते, ओटीपी आला, पैसे गेले. पैसे कशाचे हे चलनावर हेडच्या आकड्यानं निवडायचं, त्यात १०० म्हणजे अ‍ॅडव्हान्स टॅक्स, ३०० म्हणजे सेल्फ असेसमेंट, रिटर्नच्या आधी भरायचा उरलेला टॅक्स, आणि ४०० म्हणजे आधीच निघालेल्या डिमांडचा भरणा, तर ४०० निवडलेलं पण पाह्यलं आहे. हेड चुकलं असेल तर पोर्टलवर ३० दिवसांच्या आत स्वतः दुरुस्त करता येते, वर्ष चुकलं असेल तर फक्त ७ दिवस, पण पॅन चुकला तर ऑनलाइन सोय नाही, ऑफिसरकडेच जावं लागते. म्हणून माझं म्हणणं असं की जुळवणी जुलैत करून उपयोग नाही, तेव्हा मार्चच्या चलनाची मुदत कधीच गेलेली असते. हप्त्याच्या तारखेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच ग्राहकाकडून चलनाची पीडीएफ मागवा, बँकेचा मेसेज नको, त्याच्यावर पॅन नसतो आणि वर्ष पण नसते.

वर्षाचंच एक नवीन येऊन बसलं आहे. २०२५ चा नवा इन्कमटॅक्स कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यात असेसमेंट इयर जाऊन टॅक्स इयर आलं, म्हणजे ज्या वर्षी कमावलं त्याच वर्षाचं नाव. चांगलंच आहे, पूर्वी २०२४-२५ ची कमाई आणि २०२५-२६ चं चलन हे गावातल्या माणसाला समजावता समजावता घसा कोरडा व्हायचा. पण मधातलं हे वर्ष सांभाळायचं आहे. मार्च २०२६ पर्यंतच्या कमाईचा उरलेला टॅक्स रिटर्नच्या आधी भराल तो असेसमेंट इयर २०२६-२७ चा, जुन्या कायद्याखालचा, आणि १५ जून २०२६ चा अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा हप्ता टॅक्स इयर २०२६-२७ चा, नव्या कायद्याखालचा. दोन्ही चलनांवर आकडा २०२६-२७ च, आणि दोन्ही जून-जुलैतच भरले जाणार, बहुतेक एकाच माणसाच्या एकाच मोबाइलवरून.