जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीची पिकअप करून घेण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पावसाळ्यात काळ्या जमिनीच्या पांदणीवर जेथे साधा टेम्पो रुतून बसतो, तेथून चारही चाकांना ताकद मिळणारी जुनी गाडी बाहेर पडते, हे नागपूर जिल्ह्यात काटोल, नरखेड किंवा उमरेडकडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. घरी दुसरी मोटार आली, मागची आसने रिकामी राहू लागली, तरी इंजिन आणि ट्रान्सफर केस (चारही चाकांकडे ताकद वाटणारी पेटी) ठणठणीत आहे, अशा गाड्यांना मागे मालासाठी उघडा हौदा करून, म्हणजेच त्यांची पिकअप करून मिळेल का, अशी विचारणा आमच्या कार्यशाळेत नेहमी होते. असे काम आम्ही करतो. मात्र प्रत्येक गाडीवर करीत नाही, आणि लेखी परवानगी हाती आल्याशिवाय कोणत्याही गाडीला कटर लावीत नाही. या दोन अटींमागची कारणे ग्राहकाला आधी समजावीत, यासाठी हे पत्रक आहे.

परवानगीविषयी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला स्वतःच्या मर्जीने करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच बाब ठामपणे मांडली आहे. बंद वॅगनची (मागपर्यंत छत आणि आसने असलेल्या मूळ गाडीची) उघड्या हौद्याची पिकअप झाली की बॉडीचा प्रकार, आसनसंख्या आणि रिकाम्या गाडीचे वजन हे तिन्ही तपशील बदलतात. त्यामुळे हा बदल रंग किंवा टायर बदलण्याइतका किरकोळ मानता येत नाही. विनापरवाना बदल केल्यास, २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. याहून मोठे नुकसान अपघाताच्या वेळी होते, कारण नोंदणीशी न जुळणाऱ्या गाडीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते.

म्हणून पहिली पायरी आरटीओची आहे. गाडीची नोंदणी एमएच ३१, एमएच ४० किंवा एमएच ४९ यांपैकी ज्या कार्यालयाची असेल, तेथे मालकाने स्वतः अर्ज करावा. त्यासोबत जोडावयाचा मोजमापांसह आराखडा आम्ही तयार करून देतो. गाडीवर कर्ज असल्यास वित्तसंस्थेची लेखी संमती लागते. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या गाडीचे पुनर्नोंदणीचे काम आधी उरकून पर्यावरण कर भरून घ्यावा. परवानगी नाकारली जाणे अगदी शक्य आहे, आणि तसे झाल्यास आम्ही कोणतीही पळवाट सुचवीत नाही. अशा ग्राहकाला आपली गाडी विकून कारखान्यातूनच पिकअप म्हणून निघालेली जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी, उदाहरणार्थ महिंद्रा स्कॉर्पिओ गेटअवे किंवा इसुझू व्ही-क्रॉस, घेण्याचा सल्ला आम्ही देतो. ती निवड बहुतेक वेळा स्वस्तही पडते.

कोणती गाडी चालते

ज्या गाडीची बॉडी स्वतंत्र चॅसिसवर (खालच्या पोलादी सांगाड्यावर) रबरी माउंटिंगने बसवलेली असते, तिच्यावरच हे काम करता येते. बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, सफारी आणि जिप्सी यांच्या फोर-व्हील-ड्राइव्ह आवृत्त्या या प्रकारात येतात. टाटांच्या घराण्यात तर १९८८ ची टाटामोबाईल ही पिकअप आधी आली आणि सुमो तिच्यानंतर १९९४ मध्ये, त्यामुळे त्या रचनेला हौदा परका नाही. याउलट रेनॉ डस्टर किंवा एक्सयूव्ही ५०० यांसारख्या गाड्यांना वेगळी चॅसिस नसून छत, खांब आणि तळ मिळूनच त्यांचा सांगाडा बनतो. त्यांचे छत कापणे म्हणजे सांगाडाच तोडणे होय, म्हणून अशा गाड्या आम्ही स्वीकारीत नाही.

चॅसिस असलेली गाडीही आम्ही धुऊन, लिफ्टवर घेऊन, हातोडीने ठोकून तपासतो. नागपूरच्या कोरड्या हवेत गंज कमी धरतो, हे खरे असले तरी चॅसिसच्या कोपऱ्यांत आणि बॉडी माउंटिंगच्या मागे साचलेली काळी माती महिनोन्‌महिने ओल धरून ठेवते, आणि वरून सुस्थितीत दिसणारा पत्रा तेथे आतून खाल्लेला सापडतो. कोकणातून किंवा मुंबईहून आलेली गाडी असल्यास ही तपासणी आणखी बारकाईने करावी लागते. चॅसिसवर कोरलेला क्रमांक स्पष्ट वाचता आला पाहिजे. त्याच्या आसपास ग्राइंडर, वेल्डिंग किंवा लांबी (पुटी) यांपैकी काहीही आम्ही लावीत नाही.

केबिनचे काम

छत कापणे अर्ध्या दिवसाचे काम आहे. खरा कस त्याच्या आधी आणि नंतर लागतो, कारण वॅगनचे छत केवळ ऊन-पाऊस अडवीत नाही, तर दोन्ही बाजूंचे खांब एकमेकांना बांधून ठेवते. मागचा भाग गेला की उरलेल्या केबिनची मागची बाजू उघड्या पेटीसारखी ढिली होते, दारे बसेनाशी होतात आणि गाडी उलटल्यास छत खाली दबते. यासाठी कापण्यापूर्वीच आम्ही दारांच्या चौकटींना आतून तात्पुरते आडवे-तिरके आधार वेल्ड करतो, आणि कापल्यानंतर केबिनच्या मागे तळापासून छतापर्यंत पोलादी चौकोनी नळीची अखंड कमान बसवून ती खांबांना आणि तळाला जोडतो. मागची भिंत या कमानीवर उभी राहते. भिंतीच्या पातळ पत्र्याला सीओटू वेल्डिंगच वापरले जाते, कारण साध्या वेल्डिंगच्या उष्णतेने असा पत्रा जळतो किंवा वाकतो. मागील काच टफन्ड प्रकारचीच घ्यावी, हा आमचा आग्रह आहे. सर्व सांध्यांना सीलर भरून झाल्यावर, रंगापूर्वी आणि रंगानंतर अशी दोनदा पाण्याची चाचणी घेतली जाते.

वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या तारा सोडवल्या जातात, आणि डिझेलची टाकी गाडीखालून काढून दूर ठेवली जाते. या दोन गोष्टींना वेळ लागतो. त्या टाळून काम लवकर देता येत नाही.

हौदा, वजन आणि ब्रेक

हौदा केबिनला चिकटवून वेल्ड करावा, म्हणजे गाडी एकसंध दिसेल, अशी मागणी पुष्कळ ग्राहक करतात. ती आम्ही नम्रपणे नाकारतो. बांधावरून किंवा नाल्यातून जाताना चॅसिसला पीळ बसतो, तेव्हा केबिन एका बाजूला आणि हौदा दुसऱ्या बाजूला झुकतो. दोन्ही जोडलेले असले तर पहिल्याच पावसाळ्यात सांधा तडकतो. म्हणून दोहोंमध्ये सुमारे ३० मिलिमीटर फट ठेवून हौदा स्वतंत्रपणे, रबरी बुश आणि बोल्टांनी चॅसिसवर बसवला जातो. बोल्टांची छिद्रे चॅसिसच्या उभ्या बाजूवर पाडली जातात, वरच्या-खालच्या पट्टीवर नाही, कारण वाकण्याचा सर्वाधिक ताण त्या पट्ट्यांवर येतो. चॅसिस आम्ही लांब करीत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर मूळचेच राहिल्याने प्रोपेलर शाफ्टचा (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडत नाही. मागील चाकांच्या मागे बाहेर आलेला भाग नियमानुसार चाकांमधील अंतराच्या ६० टक्क्यांहून जास्त असू नये. बोलेरो आणि स्कॉर्पिओत हे अंतर २६८० मिलिमीटर असल्याने ही मर्यादा सुमारे १६०० मिलिमीटर येते, पण आमचा आराखडा तिच्यापेक्षा बराच आखूड असतो. मागे लोंबणारे ओझे पुढची चाके हलकी करते, आणि चिखलात स्टिअरिंग तेथेच हरते.

हौदा लागला म्हणजे गाडीची वाहनक्षमता वाढली, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. चॅसिस, हाउसिंग (मागच्या आसाचे कवच), पाटे (लीफ स्प्रिंग) आणि ब्रेक सात-आठ माणसे व त्यांचे सामान एवढ्याच भाराचा विचार करून बनवलेले आहेत. कापलेल्या पत्र्याचे वजन कमी होते, तेवढेच जवळपास हौद्याचे वाढते. संत्र्यांची २० किलोंची २५ क्रेट म्हणजे ५०० किलो, एवढाच भार आपल्या गाडीचा खरा आवाका समजावा. काम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर आम्ही गाडी वजनकाट्यावर नेतो, पुढच्या आणि मागच्या चाकांचा भार वेगवेगळा मोजतो, आणि दोन्ही पावत्या ग्राहकाला देतो.

या मोजणीचा उपयोग ब्रेकसाठी होतो. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग मूळ वॅगनपेक्षा हलका निघाल्यास जोराने ब्रेक दाबताच मागची चाके जाम होऊन गाडी आडवी फिरू शकते. ज्या गाड्यांत मागील ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, तेथे तो नव्या वजनाप्रमाणे पुन्हा जुळवावा लागतो. बोलेरो, सुमो, जिप्सी यांना मागे पाटे आहेत, तर स्कॉर्पिओ आणि सफारीला कॉइल स्प्रिंग. कॉइलच्या गाड्यांत ओझ्याखाली मागचा भाग लवकर बसतो, हे ध्यानात ठेवून भार आणखी कमी ठेवावा. जादा पाटे टाकून देण्याची विनंती करू नये. पाट्यांनी गाडी उंच राहते, पण हाउसिंग आणि ब्रेक तेच राहतात.

हौद्यात मजुरांना बसवू नये. तोडणीच्या दिवसांत ही सवय सर्रास दिसते, आणि केबिनची कमान हौद्यातील माणसाला वाचवीत नाही.

रंग, वेळ आणि कागद

मुसळधार पावसाच्या दिवसांत आम्ही अंतिम रंग मारीत नाही, कारण दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते. पावसाळ्यात दिलेल्या गाडीला त्यामुळे उशीर होऊ शकतो. एरवी परवानगीनंतर सहा ते आठ आठवडे धरावेत. पहिल्या भेटीला नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी यांच्या प्रती आणाव्यात. काम पूर्ण झाल्यावर १४ दिवसांच्या आत बदलाची माहिती आरटीओला देऊन प्रमाणपत्रात नोंद करून घेणे आणि विमा कंपनीला कळवणे ही मालकाची जबाबदारी आहे. त्यासाठी लागणारी छायाचित्रे, वजनाच्या पावत्या आणि कामाचा तपशील आम्ही देतो. पहिल्या १००० किलोमीटरनंतर गाडी एकदा परत आणावी. त्या भेटीत हौद्याचे सर्व बोल्ट पुन्हा आवळले जातात, फाळक्याच्या (हौद्याच्या उघडणाऱ्या झडपेच्या) बिजागऱ्या आणि कमानीचे सांधे तपासले जातात, आणि त्याचे वेगळे पैसे घेतले जात नाहीत.