लाइन फॉलोअर स्पर्धा घ्यायचीय? आधी वयोगट आणि कागदपत्रं बघा

दिवाळी झाली की दोन-तीन शाळांतून फोन येतोच, मॅडम आम्हाला पण ती रोबोटची रेस घ्यायचीय, ट्रॅक कुठून छापून घ्यायचा? ट्रॅकचं सांगते मी, पण खरं सांगू का, ट्रॅकवरून फार भांडणं होत नाहीत, भांडणं होतात ती हा मुलगा कुठल्या गटातला आणि हा रोबो नक्की केला कोणी यावरून. म्हणून आधी पात्रता आणि कागद, मग काळी रेघ.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. लाइन फॉलोअर म्हणजे जमिनीवरची काळी रेघ धरून आपोआप चालणारा रोबो. रोबोच्या पोटाखाली आयआर (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे) सेन्सर असतात, पांढऱ्यावरून प्रकाश परत येतो, काळ्यावरून जवळजवळ येतच नाही, त्यावरून रोबोला कळतं आपण रेघेवर आहोत का सुटलो, आणि तो डावी-उजवी मोटर कमी-जास्त करत पुढे जातो. बाकी पुण्याला रोबोची स्पर्धा काय नवीन नाही, २०१४ ची एबीयू रोबोकॉन इथेच बालेवाडीला झालीय, पण ती इंजिनिअरिंगच्या पोरांची, आपलं काम पाचवीपासूनचं.

वयोगट मी तीन ठेवते. पाचवी ते सातवी, आठवी ते दहावी, आणि अकरावी-बारावी. डिप्लोमावाल्यांचं काय हा प्रश्न दरवर्षी येतो, कारण दहावीनंतर डिप्लोमाला गेलेला मुलगा वयाने अकरावीएवढाच असतो पण त्याच्या हाताशी लॅब असते, सोल्डरिंग रोजचं असतं. जागा आणि परीक्षक असतील तर त्यांचा आणि आयटीआयचा चौथा गट करा, नसतील तर अकरावी-बारावीत घ्या, पण काय ते माहितीपत्रकात आधीच छापा, ऐनवेळी ठरवलं की पालक टेबलापाशी येतात. दोन वेगवेगळ्या इयत्तांची मुलं एका टीममध्ये असतील तर मोठ्याची इयत्ता धरायची. आणि नुसती इयत्ता पुरत नाही, कमाल वय पण लिहा आणि ते कुठल्या तारखेला मोजायचं ते पण लिहा.

आता प्रवेश अर्जासोबत काय घ्यायचं. शाळेचं चालू वर्षाचं बोनाफाईड, त्यावर जन्मतारीख आणि जनरल रजिस्टर नंबर असलेलं, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं. शाळेचं ओळखपत्र त्या दिवशी बघायला. पालकांचं संमतीपत्र, त्यात फोटो-व्हिडिओ काढण्याची परवानगी वेगळ्या ओळीत, कारण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितलीय. आणि टीमसोबत येणाऱ्या शिक्षकाचं नाव आणि मोबाइल. बस. आधारची झेरॉक्स मागू नका, कशाला पाहिजे? आम्ही पहिल्या वर्षी मागितली, ते गठ्ठे नंतर माझ्याच कपाटात पडून होते आणि मला रात्री आठवण होऊन कसंतरी व्हायचं. घरी शिकणारी मुलं असतील तर बोनाफाईड मिळत नाही, त्यांचा जन्मदाखला बघून परत द्या. फी शाळेच्या किंवा संस्थेच्या नावावरच घ्या आणि पावती द्या, स्वतःच्या जीपेवर घेऊ नका, किराणा आणि प्रवेश फी एकाच स्टेटमेंटमध्ये शोधत बसाल.

आयोजक म्हणून तुमचे स्वतःचे अर्ज वेगळे. हॉलसाठी शाळेला किंवा हॉल ज्याचा आहे त्याला लेखी अर्ज, त्यात तारीख, सेटअपला आदल्या दिवशीची संध्याकाळ, अंदाजे किती मुलं, आणि प्लग पॉइंट किती लागणार ते लिहा, एकाच एक्स्टेंशनवर पंधरा लॅपटॉप आणि तीन सोल्डरिंग गन लावल्या की एमसीबी पडणारच. स्पीकर लावणार असाल तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लेखी परवानगी लागते, त्यासाठी आधी तुमच्या हद्दीतल्या पोलिस स्टेशनला जाऊन विचारा, शाळा-हॉस्पिटलच्या आसपास शांतता क्षेत्राचा मुद्दा पण निघू शकतो. हॉलच्या परवानगीचं पत्र सोबत न्या, आणि हे आदल्या दिवशी नाही हां, दोन-तीन आठवडे आधी. तारीख धरताना गणपती, सहामाही आणि फेब्रुवारी-मार्च सोडा, डिसेंबरमध्ये गॅदरिंगची तारीख बघून घ्या नाहीतर हॉलमध्ये एकीकडे नाचाची प्रॅक्टिस आणि एकीकडे आपण.

रोबोचे नियम गटाप्रमाणे. लहानांना तयार किट आणि ब्लॉक कोडिंग चालतं, किंवा कोडच नको, नुसता कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप) लावून दोन सेन्सरवर पण मस्त चालतो. आठवी-दहावीला आर्डुइनो (कोड टाकता येतो तो छोटा बोर्ड), कोड स्वतःचा, रेघेत काटकोन आणि एखादं क्रॉसिंग. मोठ्यांना तुटक रेघ द्या, मध्येच काळ्यावर पांढरी रेघ द्या, तिथे पीआयडी (रेघेपासून किती सरकलो त्यावरून मोटर सावरणारं गणित) नीट न लावलेले सगळे बाहेर जातात. रेघेची रुंदी आधी जाहीर करा, मी २५ मिमी ठेवते. नमुन्याची रेघ पण पाठवा, पोरं घरी पाऊण इंची टेपवर प्रॅक्टिस करतात आणि इथे सेन्सरमधलं अंतर जुळत नाही. व्होल्टेजचं बघा, आम्ही १२ व्होल्ट कमाल लिहिलं होतं आणि तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुल चार्ज केली की मीटरवर १२.६ दिसतं, नववीतल्या एका मुलीला त्यावरून अडवलं आणि तिने बॅटरीवर छापलेलं ११.१ व्होल्ट माझ्यापुढे धरलं, बरोबर तीच होती, तेव्हापासून १३ लिहितो. लिपो असेल तर वाळूची बादली जवळ ठेवा, चार्जिंग एकाच टेबलावर, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली.

ट्रॅक छापायला फ्लेक्स मॅट, म्हणजे न चमकणाराच घ्या. चकचकीत फ्लेक्सवर काळी रेघ पण प्रकाश परत मारते. आणि खिडक्यांना पडदे लावा, उन्हात आयआर भरपूर असतं, आमच्याकडे सकाळी सरळ चालणारे रोबो दुपारी ऊन ट्रॅकच्या कोपऱ्यावर आल्यावर त्याच एका वळणावर सुटायला लागले आणि अर्ध्या टीम म्हणाल्या कोड बिघडला. त्या फेऱ्या पुन्हा घ्याव्या लागल्या.

मुलाने स्वतः केलाय का हे कागदावर कळत नाही. तपासणीच्या टेबलावर दोन मिनिटं बोला, हा पॉट (सेन्सर जुळवायचं फिरवायचं बटण) कशाला आहे, डावी मोटर जोरात फिरली तर काय करशील. एकदा सहावीतल्या मुलाच्या रोबोची एक वायर मी त्याला सांगूनच काढली, त्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हर बोर्डाचा स्क्रू सैल करून वायर परत घातली आणि म्हणाला, टीचर ही निघतेच सारखी, म्हणून ठेवलाय खिशात. ज्याचे बाबा मागून उत्तर देतात तिथे आम्ही बाबांना चहाला पाठवतो, टीम बाद नाही करत लगेच, पण पहिली फेरी सुरू झाली की पालक पिटमध्ये (टीम रोबो नीट करत बसतात त्या जागेत) नाहीत, ही अट संमतीपत्रातच सहीसकट घ्या. ट्रॅकवर तीन मिनिटं, दोन प्रयत्न, चांगली वेळ धरायची. हरकत असेल तर निकाल लागल्यापासून १५ मिनिटांत, लेखी, टीममधल्या मुलाच्या सहीने, पालकांच्या नाही. आणि सर्टिफिकेटवरची नावं बोनाफाईडवरून टाइप करा, व्हॉट्सॅपवरच्या नावावरून नको, मी एकाला "चिंटू" नावाने दिलंय.