पावसाळी डोंगर-छायाचित्रण (नाशिक परिसर)

डोंगर, कडे, धबधबे, घाटमाथा आणि घाटाखालचा किनारा यांची छायाचित्रे हवा बदलत असतानाच टिपण्याचा छंद व व्यवसाय. नाशिक जिल्ह्यात त्याचा हंगाम मृगापासून हस्तापर्यंत, म्हणजे जूनच्या ७-८ तारखेपासून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत धरतात. निरभ्र आभाळाचा दिवस या छायाचित्रकाराच्या फारसा कामाचा नसतो. संततधार झडीचा दिवसही नसतो, कारण झडीत कॅमेऱ्यासमोर नुसता पांढरा पडदा उभा राहतो. त्याला हवी असते ती उघडीप: दोन सरींमधली पाच-दहा मिनिटे, जेव्हा ढग कड्यावरून सरकतो, कुठल्या तरी फटीतून ऊन उतरते आणि ओला कातळ चमकून जातो.

पावसाची उतरण

बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. इगतपुरीहून पूर्वेला निघाले तर बारा-पंधरा कोसांत पाऊस बदलतो. नैर्ऋत्य मोसमी वारे कोकणातून येऊन सह्याद्रीच्या भिंतीला भिडतात, वर चढताना थंड होतात आणि बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच टाकतात. भिंत ओलांडल्यावर तीच हवा खाली उतरू लागते, तापते आणि ढग विरतात. त्यामुळे इगतपुरीला वर्षाकाठी ३,००० मिमीच्या वर पाऊस पडतो, नाशिक शहरात साधारण ७०० मिमी, आणि सिन्नर-येवल्याकडे तो ५०० मिमीच्या आसपास येऊन थांबतो. इगतपुरी आणि नाशिक या दोन्ही गावांची समुद्रसपाटीपासूनची उंची जवळपास सारखी, सुमारे ६०० मीटर; फरक पडतो तो भिंतीपासूनच्या अंतराचा.

इथले छायाचित्रण समजून घ्यायचे तर हीच गोष्ट आधी समजावी लागते. सपाट मुलखात माणूस एका जागी उभा राहून हवा बदलण्याची वाट पाहतो. नाशिककर गाडी काढून बदललेल्या हवेकडे जातो. घाटमाथ्यावर ढग जमिनीला टेकलेला असतो आणि पूर्वेला कोरडे ऊन. या दोहोंच्या मध्ये ढगाची एक कड असते आणि ती दिवसभर मागेपुढे होत राहते. कधी ती वाडीवऱ्ह्यापाशी असते, कधी अंजनेरीच्या पायथ्याशी, वाऱ्याचा जोर असला तर थेट शहराला लागून असलेल्या पांडवलेण्यापर्यंत येते. चांगली चित्रे बहुतेक या कडेवर मिळतात. ऐन ढगात काही दिसत नाही आणि ढगाबाहेर काही घडत नाही. त्यामुळे त्र्यंबक रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवरून पश्चिमेकडे नजर टाकून 'आज ढग किती खाली उतरलाय' हे ओळखणारा माणूस मोबाइलवरच्या हवामान-अंदाजापेक्षा पुष्कळदा जास्त भरवशाचा ठरतो.

कातळ आणि डोंगररांगा

हा सगळा मुलूख दख्खनच्या बेसाल्टचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर साचले; टणक थरांचे उभे कडे झाले आणि मऊ थरांच्या उतारावर गवत रुजले. पावसाळ्यात त्यामुळे डोंगराला काळे-हिरवे आडवे पट्टे पडतात. कोरडा बेसाल्ट राखाडी आणि निर्जीव दिसतो, भिजला की काळाभोर होतो. इथले डोंगर उन्हाळ्यात पाहून नाक मुरडणारा माणूस ऑगस्टमध्ये त्याच जागी हरखून उभा राहतो, त्याचे निम्मे श्रेय या रंगबदलाला द्यावे लागते.

छायाचित्रकारांच्या दृष्टीने रांगा तीन. त्र्यंबक रांगेत ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर, बसगड. ही घाटमाथ्याला सर्वांत जवळची आणि म्हणून सर्वांत ढगाळ. सातमाळा रांग अचल्यापासून सप्तशृंगी, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना, चांदवड करीत अंकाई-टंकाईपर्यंत पूर्वेला पसरते. इथे पाऊस कमी आणि हवा धुतलेली, त्यामुळे लांब पल्ल्याच्या लेन्सने एकामागे एक सुळके आणि माच्या रचता येतात. धोडपची खाच पडलेली कातळभिंत तर मैलोगणती अंतरावरूनही ओळखू येते. तिसरी सेलबारी-डोलबारी, बागलाण तालुक्यातली. तिथला साल्हेर १,५६७ मीटर उंचीचा, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत तो आहे. या तिन्हींखेरीज जिल्ह्याच्या दक्षिण शिवेवर कळसूबाई आहे, १,६४६ मीटर, महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर. मात्र शिखरावरून काढलेल्या चित्रापेक्षा दारणा किंवा भावली धरणाच्या काठावरून, भातखाचरांमागे तिची रांग घेऊन काढलेले चित्र सहसा सरस ठरते. माथ्यावर पोचले की डोंगर पायाखाली जातो आणि चौकटीत राहते नुसते आभाळ. जुलैत भाताची आवणी (लावणी) चालू असताना खाचरांत पाणी उभे असते. वारा पडला की त्यात अख्खी रांग उलटी दिसते.

प्रकाश

नाशिकचे अक्षांश २० उत्तर. त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. भर पावसाळ्यातली दुपार म्हणून सपाट असते. कड्यांना सावली नसते, उंचसखलपणा कळत नाही. इंद्रधनुष्याचा हिशेबही इथेच लागतो. ते सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूभोवती सुमारे ४२ अंशांवर उमटते, म्हणून सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांपेक्षा वर गेला की सपाट जमिनीवरून ते दिसूच शकत नाही. जुलैत नाशिकला याचा अर्थ सकाळी साधारण सव्वानऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर. संध्याकाळी सूर्य पश्चिमेला असतो, तेव्हा पूर्वेला, म्हणजे शहराच्या आणि सिन्नरच्या बाजूला सर असावी लागते. कोल्ह्याचे लग्न लागले की सूर्याकडे पाठ करावी, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. किल्ल्यावर उभे असाल तर नियम थोडा सैल होतो, कारण खाली दरीतल्या तुषारांत कमानीचा खालचा भागही दिसतो.

याच कुळातले पण अधिक दुर्मीळ दृश्य म्हणजे इंद्रवज्र. पाठीमागे क्षितिजालगतचा सूर्य आणि समोर, पायाखालच्या दरीत धुके असले की त्या धुक्यावर स्वतःची सावली पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वलय दिसते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला वलय त्याच्याच डोक्याभोवती दिसते, आपल्या नव्हे; त्यामुळे छायाचित्रात नेहमी कॅमेऱ्याचीच सावली मध्यभागी येते. यासाठी हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा प्रसिद्ध आहे. तो अहिल्यानगर जिल्ह्यात, पण नाशिकचे भटके त्याला आपलाच समजतात. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून इंद्रवज्राची वेळ सकाळची. सूर्यास्तासाठी तिथे गर्दी करणाऱ्यांना ते दिसत नाही.

धुक्यात कॅमेरा फसतो. त्याचा प्रकाशमापक समोरच्या पांढऱ्याला राखाडी समजतो आणि चित्र मळकट उतरते. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश, पाऊण ते एक स्टॉप वाढवावे लागते; एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. ऑटोफोकसला पकडायला कड मिळत नाही, तो मागेपुढे घरंगळत राहतो. अशा वेळी फोकस हाताने लावून सोडून द्यावा. पावसाची धार चित्रात दिसायची तर तिच्यामागे काळा कडा आणि शक्य तर समोरून येणारा प्रकाश हवा. शटर १/२५० सेकंदाच्या आसपास उघडे ठेवले तर थेंब सुटे दिसतात, १/३० ला त्यांच्या रेघा होतात. धबधब्याला अर्धा-एक सेकंद दिला की पाणी दुधासारखे होते. ही रेशमी पाण्याची फॅशन आता अंमळ जास्तच झाली आहे. दुगारवाडीसारख्या धबधब्याचा खरा जोर १/५०० ला कळतो, तो एका सेकंदात पुसून जातो.

पोलरायझर फिल्टर पावसाळ्यात विशेष उपयोगी. ओल्या पानांवरची आणि कातळावरची चकाकी त्याने जाते, हिरवा रंग दाट होतो; बदल्यात दीड-दोन स्टॉप प्रकाश द्यावा लागतो. मात्र चौकटीत इंद्रधनुष्य असेल तर तो जपून फिरवावा. धनुष्याचा प्रकाश स्वतःच ध्रुवीभूत असतो, चुकीच्या कोनात फिल्टर गेला की ते दिसेनासे होते.

साहित्य आणि त्याची निगा

महागडे जलरोधक कॅमेरे आहेत, पण इगतपुरीच्या पावसात त्यांच्यावरही जाड प्लॅस्टिकची पिशवी चढतेच. तळाला लेन्सपुरते भोक आणि वर रबरबँड. सुती पंचा अंग पुसायला, लेन्सला मायक्रोफायबरचे फडके, आणि तीही एकाला तीन, कारण पहिले अर्ध्या तासात ओले होते. एसी लावलेल्या गाडीतून एकदम बाहेर पडले की काचेवर वाफ धरते; म्हणून पोचण्याआधी दहा मिनिटे एसी बंद करून काचा उघडतात. डोंगरावर लेन्स बदलणे टाळावे. पण साहित्याचा खरा घात घरी होतो. ओली बॅग तशीच कपाटात गेली तर लेन्सच्या आत बुरशीचे जाळे धरते आणि ते पुसून निघत नाही. सिलिका जेल घातलेला घट्ट झाकणाचा डबा किंवा ४०-५० टक्के आर्द्रता राखणारे कपाट हा त्यावरचा उपाय.

घाटाखाली, समुद्राकडे

नाशिक जिल्ह्याला समुद्र नाही. तरी संबंध आहे आणि तो ब्रह्मगिरीपासूनच सुरू होतो: याच डोंगरातून निघालेली गोदावरी पूर्वेला १,४६५ किमी जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, तर त्र्यंबक परिसरातच उगम पावणारी वैतरणा पश्चिमेला उतरून पालघर जिल्ह्यात अरबी समुद्र गाठते. शहरातले छायाचित्रकारही वैतरणेसारखेच पश्चिमेला घाट उतरून डहाणू, बोर्डी, केळव्याला जातात.

तिथे हवामानाबरोबर भरती-ओहोटीचा हिशेब करावा लागतो. कोकणातला जुना ठोकताळा असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते: अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला. भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, त्यावर हा ठोकताळा बसवलेला आहे. याच हिशेबाने अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते, आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाला. म्हणजे उधाणाच्या दिवसांत पाणी सर्वांत मागे गेलेले असते ते नेमके सूर्यास्ताला, आणि मैलभर ओल्या वाळूचा आरसा तयार असतो. लाटा खडकावर आपटताना हव्या असतील तर अष्टमीच्या आसपासची संध्याकाळ धरावी. त्या भांगाच्या भरतीला जोर कमी, पण उजेड आणि पाणी एकत्र येतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे या दोन महिन्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या मिळतात, पाण्यात नाही.

पूर्वपीठिका

भारतीय चलच्चित्राचे आद्य प्रवर्तक दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. चित्रपटाकडे वळण्याआधी त्यांनी छायाचित्रकार म्हणून व्यवसाय केला आणि पुरातत्त्व खात्यातही काम केले. कुंडीत पेरलेला दाणा रोज थोडा थोडा चित्रित करून त्यांनी रोपाची वाढ पडद्यावर दाखवली होती. उघडीपीची वाट पाहत तासन्‌तास ओल्या दगडावर बसणाऱ्यांना हा पूर्वज आपला वाटावा. १९४४ मध्ये नाशिकलाच त्यांचे निधन झाले. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे.

धोके आणि निर्बंध

शेवाळलेला कातळ हा पहिला शत्रू. हरिहरच्या जवळजवळ उभ्या, कातळात खोदलेल्या पायऱ्या पावसात निसरड्या होतात आणि सुटीच्या दिवशी तिथे चढणारे-उतरणारे समोरासमोर अडकतात. गर्दीमुळे वन खाते अधूनमधून प्रवेशावर मर्यादा घालते. त्या पायऱ्यांचे तेच ते चित्र घेण्यासाठी ही जोखीम पत्करण्यापेक्षा निरगुडपाड्याच्या शेतांतून, ढगात अर्धा बुडालेला त्रिकोणी हरिहर घ्यावा. ओढे ओलांडून जावे लागणाऱ्या धबधब्यांवर धोका वेगळा असतो. खाली ऊन असते, वर डोंगरात पाऊस झालेला असतो आणि परतीच्या वाटेवर अचानक लोंढा येतो. पाणी गढूळ झाले, त्यात काटक्या-पाने वाहू लागली की चित्र सोडून निघावे. मृगाच्या आधीचा वळीव आणि हस्ताचा पाऊस विजांसह येतात. तेव्हा माथा आणि लोखंडी रेलिंग दोन्ही टाळावी, तिपाई आडवी ठेवावी.

अंजनेरीच्या पठारावर अंजनेरी खर्चुडी ही अत्यंत दुर्मीळ वनस्पती वाढते. फुलांचे जवळून चित्र घेण्यासाठी पालथे झोपणाऱ्यांनी आधी खाली काय आहे ते पाहावे, हे सांगावे लागते कारण पाहिले जात नाही. ड्रोनला २०२१ चे नियम लागू आहेत. देवळालीची लष्करी छावणी आणि ओझरचा विमानतळ यांमुळे शहराच्या भोवतालचा बराच भाग उड्डाणाला बंद किंवा परवानगीचा आहे, म्हणून निघण्यापूर्वी 'डिजिटल स्काय' या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा पाहणे भाग असते.

ज्यांना डोंगरावर जाणे जमत नाही, त्यांचा पावसाळा गोदाघाटावर उतरतो. गंगापूर धरणातून विसर्ग सोडला की रामकुंडापाशी पाणी चढू लागते आणि शहर पुराची मोजदाद तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून करते: पाणी गुडघ्यापर्यंत, कंबरेपर्यंत, छातीपर्यंत. त्या दिवशी पुलाच्या कठड्याला कॅमेरे आणि मोबाइल दाटीवाटीने टेकलेले असतात. खाली वाहणारे तांबडे पाणी आदल्या दिवशी त्र्यंबकच्या डोंगरांवर ढग होऊन बसलेले असते.