पुरानंतरचं ओढा-पुनरुज्जीवन : सोलापूर

शहरातून वाहणाऱ्या ओढ्याला मोठा पूर येऊन गेल्यावर त्याचं पात्र मोकळं करणं, काठ सावरणं, काठावरच्या वस्तीची दुसरीकडे सोय करणं आणि त्या पट्ट्याचा पुढे काय वापर करायचा ते ठरवणं, या सगळ्याला मिळून ओढा-पुनरुज्जीवन म्हणतात. नालेसफाई वेगळी, सुशोभीकरण वेगळं, पण कागदावर तिन्ही एकाच नावाखाली येतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो. सोलापुरात हा विषय मुख्यतः आदिला नदी (बोलताना कुणी ओढा म्हणतं, कुणी सरळ नाला), शेळगी नाला आणि हद्दवाढ भागातले लहान नाले यांचा आहे.

सोलापूर हा दुष्काळी जिल्हा, वर्षाचा सरासरी पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, त्यामुळे इथे पूर येतो हेच बऱ्याच जणांना पटत नाही. पण इथला पाऊस जून-जुलैत बेताचा पडून सप्टेंबरात, परतीच्या वेळी, एकदम पडतो, आणि तोपर्यंत काळी माती भिजून फुगलेली असते, भेगा बुजलेल्या असतात, पाणी मुरायला जागाच नसते. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याने जिल्ह्यात हाहाकार केला. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला एवढे पूर आले की लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. आदिला शेवटी सीनेलाच मिळते, म्हणजे सीना फुगलेली असेल तर खालच्या भागात ओढ्याचं पाणी पुढे सरकतच नाही, मागे तुंबतं.

शहराच्या पाण्याची जुनी व्यवस्था तळ्यांची. सिद्धेश्वर तळं १२व्या शतकात शिवयोगी सिद्धरामांनी भक्तांकडून खोदून घेतलं अशी परंपरा आहे, कन्नड चरित्रकाव्यांत ते काम चालू असताना वचनकार संत अल्लमप्रभू तिथे आल्याचा प्रसंग येतो, आणि तळं मूळचं त्या काळचं मानायला हरकत दिसत नाही. मात्र आजचा बांध जसाच्या तसा तेव्हाचा समजणं धाडसाचं ठरेल, कारण शेजारचा भुईकोट किल्ला साधारण बहमनी काळातला धरतात, किल्ल्याला खंदक आहे, खंदकाला पाणी लागतं, तेव्हा तळ्याच्या काठाची डागडुजी त्यानंतरही होत आली असणार हे मत जास्त पटतं.

पुराच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा एकरुख तलाव, म्हणजे लोकांचा हिप्परगा तलाव. ब्रिटिशांनी आदिलेवर मातीचा बांध घालून तो १८७१ च्या सुमारास पुरा केला. १८८४ च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये त्याचं वर्णन पाटबंधाऱ्याचं काम म्हणूनच येतं, पूरनियंत्रणाचा विचार त्यात नव्हता आणि ही गोष्ट आजही लागू आहे. तलाव रिकामा असेल तर तो पूर गिळतो, भरलेला असेल तर वरून आलेलं पाणी सांडव्यावरून तसंच शहराकडे येतं. आता एकरुख उपसा सिंचन योजनेतून उजनी धरणाचं पाणीही त्यात आणतात, शेतीला ते हवंच आहे, पण सप्टेंबरच्या तोंडावर तलाव किती भरलेला ठेवायचा हा निर्णय घेतल्याशिवाय खाली कितीही भिंती बांधल्या तरी उपयोग थोडाच.

पुनरुज्जीवनाची सुरुवात पूररेषेपासून होते. राज्यात १९८९ च्या पाटबंधारे खात्याच्या परिपत्रकापासून निळी आणि लाल रेषा आली. निळी म्हणजे ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. '२५ वर्षांतून एकदा' याचा अर्थ आज आला की पुढची २५ वर्षं सुट्टी असा लोक घेतात, तो चुकीचा आहे. दरवर्षी ४ टक्के शक्यता असा तो अर्थ, आणि तसा हिशोब केला तर २५ वर्षांत निदान एकदा तरी तेवढा पूर येण्याची शक्यता ६४ टक्के निघते.

खरा वाद पुराचा आकडा काढण्यात आहे. मोठ्या नदीवर मोजणी केंद्रं असतात, शहरी नाल्यावर सहसा नसतात, मग सूत्रं वापरतात. डिकन्सचं सूत्र उत्तर भारतातल्या पाणलोटांवरून आलेलं, इंग्लिसचं सह्याद्रीतल्या पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांवरून, आणि इंग्लिसचं सोलापूरच्या सपाट माळाला लावलं तर आकडा फुगतो असा आक्षेप घेतला जातो. लहान शहरी नाल्याला तर्कशुद्ध पद्धतीचं सूत्र बरं असं बहुतेक अभियंते मानतात, इथेही तेच धरलेलं बरं : वाहून जाण्याचा गुणांक (पडलेल्या पावसातला किती भाग वाहून जातो तो), पावसाची तासाची तीव्रता मिलिमीटरमध्ये आणि हेक्टरमधलं क्षेत्र यांचा गुणाकार करून ३६० ने भागायचं, उत्तर सेकंदाला घनमीटर येतं. १०० हेक्टर शेतजमीन, तासाला ६० मिलिमीटर पाऊस, गुणांक ०.३ धरला तर ५ घनमीटर. त्याच जमिनीवर प्लॉटिंग होऊन सगळीकडे स्लॅब, फरशी आणि डांबर झालं, गुणांक ०.८ झाला, की तोच पाऊस १३ घनमीटरच्या वर पाणी देतो. आणि पाणी लवकर गोळा होत असल्याने तीव्रता कमी वेळाच्या पावसाची, म्हणजे जास्त धरावी लागते, त्यामुळे खरी वाढ याहूनही मोठी. १९९२ च्या हद्दवाढीने शहर ३३ चौरस किलोमीटरवरून १७८ च्या आसपास गेलं हे लक्षात घेतलं तर जुन्या मोऱ्या आणि पूल अपुरे का पडतात ते वेगळं सांगायला नको.

पात्राचं काय करायचं यावर दोन मतं आहेत. एक, दोन्ही बाजूंनी काँक्रीटची भिंत, तळालाही काँक्रीट, पाणी सरळ आणि वेगात काढून द्यायचं. गुळगुळीत पात्रातून पाणी खरंच जोरात जातं, झाडोऱ्याच्या पात्राच्या दुपटीहून जास्तही जाऊ शकतं, पण ते पुढच्या वस्तीवर तेवढ्याच जोरात आदळतं, आणि जमिनीत मुरणं बंद होतं, जे या जिल्ह्याला परवडणारं नाही. दुसरं मत पायऱ्या-पायऱ्यांचं पात्र ठेवण्याचं : मधे कायमच्या वाहत्या पाण्याची अरुंद धार, वर पुरात बुडणारा रुंद गवताळ पट्टा, तिथे मैदान, भाजी बाजार, पायवाट असं काहीही चालतं पण पक्कं बांधकाम नाही. जागा जास्त लागते हीच त्याची अडचण. तरी जिथे जागा शिल्लक आहे तिथे या दुसऱ्या मताप्रमाणेच करावं, भिंत फक्त पुलाजवळ आणि जुन्या दाट वस्तीत. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने बरीच माणसं नेली, त्यानंतर तिथे भिंती आणि प्रवाह वळवण्याची कामं निघाली, जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळची घरं पाडताना कोर्टाला स्थगिती द्यावी लागली. माणसांचा प्रश्न आधी न सोडवता पात्राचं काम हाती घेतलं की असं होतं.

सोलापुरात माणसांचा प्रश्न पोटाशी जोडलेला आहे. नाल्याकाठच्या घरात विडी वळणारी बाई असते, तिला पान-तंबाखू आणायला आणि वळलेल्या विड्या द्यायला विडी कारखान्याची ब्रँच जवळ लागते, दुसऱ्या घरात यंत्रमाग असतो, पाणी शिरलं की मोटर, बीमवरचं (मागाच्या रुळावर गुंडाळलेलं) सूत, तयार टॉवेल सगळं एका रात्रीत जातं. पंचनाम्यात भिंत आणि भांडी लिहिली जातात, बुडालेली मजुरी लिहिली जात नाही. मोठी घरबांधणी या शहराला जमते, कुंभारीच्या रे नगरमध्ये ३० हजार घरांची कामगार वसाहत उभी राहतेय, त्यातली १५ हजार जानेवारी २०२४ मध्ये दिलीसुद्धा. पण नाल्याकाठच्या माणसाला गावाबाहेर नेलं की रिक्षाभाड्यातच दिवसाची कमाई संपते, म्हणून त्याच पेठेत, पूररेषेच्या बाहेर, उंच जोत्यावर घर हाच मार्ग धरायला हवा.

पाण्याच्या प्रतीबद्दल थोडक्यात : पात्रात बारमाही जे वाहतं ते बहुतेक सांडपाणी, कुठे डाइंगचं रंगीत पाणीही, आणि ते वेगळ्या नळातून देगावच्या मलनिस्सारण केंद्राकडे वळवल्याशिवाय काठाला बाग करण्यात अर्थ नाही.

देखभालीत वेळापत्रकाचा मुद्दा राहून जातो. नालेसफाई सगळीकडे मे महिन्यात उरकतात, मुंबई-पुण्याला ते बरोबर आहे, सोलापुरात मात्र जोराचा पाऊस सप्टेंबरात, तोवर पात्रात पुन्हा गाळ, बाभळी आणि प्लॅस्टिक साठलेलं असतं, त्यामुळे इथे ऑगस्टच्या शेवटी दुसरी सफाई धरावी लागते आणि तिचा खर्चही बजेटमध्ये वेगळा टाकावा लागतो.