वसंतराव नाईक, जवारी आणि अकरा वर्षांची खुर्ची

1 जुलैला आमच्याकडे शाळेत, ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत सगळीकडे कृषी दिन असतो. वसंतराव नाईकांच्या फोटोला हार, दोन भाषणं, एखाद्या शेतकऱ्याला शाल-नारळ, की संपलं. मागच्या वर्षी पुतण्याने विचारलं, काका हे कृषीमंत्री होते का? म्हटलं बाबू, कृषीमंत्री तर होतेच, पण मुख्यमंत्री होते, अकरा वर्षं, आणि आपल्या पुसदचे होते. त्याला खरं वाटेना. पुसद म्हणजे त्याच्यासाठी बसस्टॅंड आणि कोचिंग क्लास. म्हणून हे लिहायला घेतलं, जरा मागून सांगतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात गहुली नावाचं गाव आहे, मूळचा बंजारा तांडा. चतुरसिंग राठोड यांनी तो वसवला, ते तांड्याचे नाईक. नाईक हे आडनाव नव्हतं, तो मान होता, तांड्यातला तंटा सोडवणारा, पाहुणा आला तर त्याच्याच दारात येणार असा माणूस. पुढे तेच आडनाव होऊन बसलं. त्यांचा मुलगा फुलसिंग, आणि फुलसिंगांचे दोन मुलं, राजूसिंग आणि हाजूसिंग. हाजूसिंग म्हणजे आपले वसंतराव, जन्म 1 जुलै 1913. त्या काळात तांड्यातलं पोरगं शिकायचं म्हणजे या गावातून त्या गावात पायपीट, तशी करतकरत ते नागपूरला मॉरिस कॉलेजात पोचले, बीए झाले, मग वकिली. नागपुरातच वत्सलाबाई घाटे यांच्याशी ओळख, आणि 1941 मध्ये लग्न. ब्राह्मण घरची मुलगी आणि बंजारा मुलगा, त्या वेळी दोन्हीकडे काय गदारोळ झाला असेल याचा अंदाज करा, आज 2 गावांच्या अंतरावर जात बदलली तरी लोकं पंचायत बोलावतात.

वकिली सुरू केली ती अमरावतीला पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली, मग पुसदला. 1946 मध्ये पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष, 1952 मध्ये आमदार. आता गंमत अशी की तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात नव्हताच, मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर, त्यामुळे नाईकसाहेबांचं पहिलं मंत्रिपद रविशंकर शुक्लांच्या सरकारातलं, महसूल खात्याचे उपमंत्री. 1956 मध्ये विदर्भाचे 8 जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले तेव्हा हे पण गेले, तिथे सहकार, मग कृषी, 1960 ला महाराष्ट्र झाल्यावर महसूल. म्हणजे मतदारसंघ एकच आणि राज्यं 3 बदलली.

लोकांना त्यांची एक गोष्ट माहीतच नसते, ती म्हणजे जिल्हा परिषद. स्पर्धा परीक्षेवाले पोरं पाठ करतात, नाईक समिती, 226 शिफारशी, पण ती नाईक समिती म्हणजे हेच नाईक, हे अर्ध्यांना ठाऊक नसतं. 1960 मध्ये समिती नेमली, 1961 मध्ये कायदा आला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू. समितीने खरं वजन ठेवलं जिल्ह्यावर, आणि कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवलं. ही छोटी गोष्ट नाही बरं. त्याच्या आधी गावचा माणूस कचेरीत हात जोडून उभा राहायचा, नंतर त्याच्यातलाच एक जण सभापती होऊन जीपमध्ये बसला. मग त्या जीपचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण सुरुवात ती.

मुख्यमंत्रिपद तसं अचानक आलं. यशवंतराव चव्हाण 1962 च्या शेवटी संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, त्यांच्या जागी आले मारोतराव कन्नमवार, चंद्रपूरचे, आणि ते 24 नोव्हेंबर 1963 ला वारले. काही दिवस बाळासाहेब सावंतांनी काम पाहिलं आणि 5 डिसेंबरला नाईकांनी शपथ घेतली. माझ्या मते कोणालाच वाटलं नसेल की हा माणूस 1975 पर्यंत बसेल. मागे साखर कारखान्यांची फौज नाही, मोठ्या संख्येची जात नाही, आवाज चढवून बोलणं नाही, तोंडात पाईप आणि चेहरा शांत. कदाचित म्हणूनच टिकले, कोणाला त्यांची भीती वाटली नाही. 1967 ला काँग्रेसच्या 270 पैकी 203 जागा, 1972 ला 222. मधे कोयनेचा भूकंप झाला, मुंबईत समुद्रात भर टाकून जमीन केली त्या बॅकबेच्या भरावावरून आरोप झाले, मुंबईत शिवसेना वाढली तर विरोधक तिला वसंतसेना म्हणायला लागले कारण कम्युनिस्टांची युनियन मोडायला सरकारनेच ती वाढू दिली असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते अगदी हवेतलं होतं असं मला नाही वाटत.

पण आमच्याकडे त्यांचं नाव निघतं ते जवारीवरून.

1965 चं साल, धान्याचा तुटवडा, अमेरिकेचा गहू बोटीने येणार आणि मग इथे खायला मिळणार अशी हालत. तेव्हा पुण्यात शनिवारवाड्यावरच्या सभेत ते बोलून गेले की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. सांगणारे आपापल्या परीने सांगतात, कोणी म्हणतं मी स्वतः फासावर जाईन असं म्हणाले, पण फासाची भाषा पक्की. त्यांच्या हातात काय होतं तर नवीन आलेली हायब्रीड जवारी. सीएसएच-1 हा पहिला संकरित वाण 1964 मध्येच आला होता. मग खतं, बियाणं, ग्रामसेवक गावोगावी.

आमचे आजोबा याची गोष्ट रंगवून सांगायचे. त्यांनी पहिल्या वर्षी दोन एकर हायब्रेड पेरली. गावरान जवारी कशी, माणूस आत शिरला तर दिसत नाही इतकी उंच, आणि ही कंबरेच्या जरा वर, कणीस मात्र मुठीत मावत नाही. "पोते पाहून मी तर येडाच झालो," म्हणायचे, "पण ढोरं उपाशी राह्यले ना बाप्पा." कारण बुटक्या ताटाचा कडबा तो किती निघणार! दुसरी भानगड अशी की ती लवकर पकायची, पाऊस अजून चालू असताना, मग दाणा भिजून काळा पडायचा. त्या काळ्या जवारीची भाकर आजीने थापली की आजोबा ताटाकडे पाहून म्हणायचे, वसंतरावानं पोट भरलं पण चव नेली. शिव्या पण नाईकालाच आणि मत पण नाईकालाच, असा हिशोब होता.

फाशीची मुदत अर्थातच निघून गेली. 1972 ला जो दुष्काळ पडला त्यात परदेशातला लाल मिलो, म्हणजे तिकडची जवारी, रेशनवर आला, त्याची भाकर जुन्या लोकांना अजून आठवते, आणि चांगली नाही आठवत. पण याच दुष्काळात रोजगार हमी उभी राहिली. कल्पना वि. स. पागे यांची, ते विधान परिषदेचे सभापती होते, त्यांच्या सांगली भागात त्याचा प्रयोग आधीच झाला होता. सरकारने ती राज्यभर नेली, लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलाव खोदायला, रस्त्याला. कायदा झाला नंतर, 1977 ला. आमच्या शिवारातल्या पाझर तलावाला म्हातारी माणसं अजून दुष्काळाचा तलाव म्हणतात. आणि केंद्राची मनरेगा आली 2005 च्या कायद्याने, म्हणजे तीसेक वर्षांनी.

कापसाचं पण तसंच. एकाधिकार कापूस खरेदी 1972 पासून सुरू झाली, कापूस विकायचा तर फक्त सरकारला, पणन महासंघामार्फत, आमच्या भाषेत फेडरेशनला. बंडीच्या रांगा रात्रभर जिनिंगसमोर, ग्रेडर कापूस हातात घेऊन काय ग्रेड देतो त्याच्याकडे सगळ्यांचे डोळे, आणि मग चुकाऱ्याची, म्हणजे कापसाच्या पैशाची वाट. व्यापाऱ्याच्या काट्यातून सुटका झाली हे खरं, सुरुवातीला भाव पण बरा मिळाला. पुढे चुकारे रखडले, तोटा वाढला, बाहेरच्या राज्यातला कापूस यायला लागला, आणि तीसेक वर्षांत योजना गेली. पण त्या वर्षांत ज्यांच्या घरावर कवेलू जाऊन टिनं आली ते सांगतात, की ती फेडरेशनच्या पैशाची आहेत.

आता तक्रार पण सांगायलाच पाहिजे. 11 वर्षं आपला माणूस वर आणि विदर्भाचं सिंचन मागेच. 1968 मध्ये कृषी विद्यापीठ राहुरीला झालं, विदर्भात त्यासाठी आंदोलन पेटलं तेव्हा कुठे 1969 ला अकोल्याला पंजाबरावांच्या नावाचं विद्यापीठ मिळालं. यवतमाळचेच जांबुवंतराव धोटे याच रागावर मोठे झाले आणि 1971 ला नागपुरातून थेट लोकसभेत गेले. नाईक संयुक्त महाराष्ट्र सांभाळत बसले असं म्हणणारे आमच्याकडे आजही भेटतात. मला विचाराल तर पश्चिम महाराष्ट्राच्या पाठिंब्यावर बसलेल्या माणसाला यापेक्षा जास्त ओढता आलं नसतं, पण थोडं ओढता आलं असतं.

फेब्रुवारी 1975 मध्ये दिल्लीने सांगितलं आणि शंकरराव चव्हाण आले. नाईक काही बंडबिंड न करता उतरले. 1977 ला वाशिममधून खासदार झाले, आणि 18 ऑगस्ट 1979 ला सिंगापूरला असताना गेले. पुतण्या सुधाकरराव 1991 ला मुख्यमंत्री झाले, पुसदची जागा आजपर्यंत बहुतेक वेळा त्याच घरात राहिली.

मागच्या कृषी दिनाला सरांना फोटोसमोर जवारीचं कणीस ठेवायचं होतं. पोरं गावभर फिरली. सगळीकडे सोयाबीन, पऱ्हाटी, तूर, जवारी कोण पेरते, रानडुकरं आणि पाखरं ठेवतच नाहीत. शेवटी एका म्हातारीच्या घरी दाराला टांगलेलं एक वाळकं कणीस सापडलं, अर्धे दाणे चिमण्यांनी खाल्लेलं. तेच ठेवलं. म्हातारी दारातून ओरडून सांगत होती, कार्यक्रम झाला की वापस आणून द्या.