'कायम' या शब्दाची पार्श्वभूमी

डोंगरी तालुक्यांतल्या छोट्या कॉलेजांबद्दल सध्या जे बोललं जातं, ते पटसंख्येपासून सुरू होतं आणि पटसंख्येवरच थांबतं: मुलं कमी, म्हणून कॉलेजं एकत्र करा. त्यामागे एक तारीख आहे, २४ नोव्हेंबर २००१. त्या दिवशीच्या राज्य सरकारच्या निर्णयाने नव्या कॉलेजांवर 'कायम विनाअनुदानित' हा शिक्का बसला, म्हणजे पगारासाठी सरकारी पैसा कधीच नाही. तिची आठवण आता फार थोड्यांना आहे.

१९६२ साली कोल्हापूरला विद्यापीठ आलं आणि कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात कॉलेजं निघत गेली. तिथे ऊस होता. कारखाना टनामागे काही पैसे कापून शिक्षणनिधी उभा करायचा आणि त्यातून इमारत व्हायची. पाटण, जावळी, शाहूवाडी, भोरच्या वरच्या अंगाला भात आणि नाचणी. नाचणीच्या पैशातून कॉलेज उभं राहत नाही. दहावी झाली की पोरगा मुंबईला, गिरणीत नाहीतर माथाडीत. मुलगी घरी. १९७५ पासून अकरावी-बारावी सुरू झाली, तेव्हा काही हायस्कुलांना वर्ग जोडले गेले, पण पदवी घ्यायची तर घाट उतरावाच लागे.

१९८२ च्या गिरणी संपानंतर माणसं गावी परतली. पोरांना मुंबईला पाठवायचा भरवसा संपला आणि 'आपल्याच तालुक्यात कॉलेज हवं' ही मागणी जोर धरू लागली. प्रस्ताव, जागा, तपासणी, रस्ता यांत वर्षं जात होती. त्यामुळे डोंगरातली बरीच कॉलेजं नव्वदीच्या शेवटी नाहीतर त्यानंतर निघाली. पुढचं सगळं या उशिरावर येऊन ठेपतं.

'विनाअनुदानित' हा शब्द घरोघरी पोचला तो १९८३ मध्ये, खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली तेव्हा. तिथे त्याचा अर्थ सरळ होता: फी घ्या, कॉलेज चालवा. कला-वाणिज्यच्या गावाकडच्या कॉलेजात तोच शब्द वेगळ्या अर्थाने वापरला जायचा. तिथे विनाअनुदानित म्हणजे 'अजून अनुदान नाही'. चार-पाच वर्षं ओढायची, मग टप्प्याटप्प्याने अनुदान येईल, या आशेवर प्राध्यापक कमी पगारात राबायचे आणि गावकरी वर्गणी काढायचे.

२००१ मध्ये या शब्दाच्या आधी 'कायम' आला. नवी परवानगी मिळेल, पण अनुदान कधीच मागता येणार नाही. पाचव्या वेतन आयोगानंतर पगाराचा बोजा वाढला होता, तिजोरीवर ताण होता, हे खरंच आहे. गरज नसताना काढलेली कॉलेजंही होती. पण निर्णयात तालुका पाहिला गेला नाही, फक्त तारीख पाहिली गेली. सपाटीवरच्या गावात तोवर तीन-तीन अनुदानित कॉलेजं होऊन गेली होती. डोंगरातलं पहिलंच कॉलेज रेघेच्या पलीकडे पडलं. शहरात 'कायम विनाअनुदानित' म्हणजे जास्त फी. डोंगरात फी वाढवली तर वर्गच रिकामा होतो, म्हणून तिथे त्याचा अर्थ शिक्षकाचा पगार नाही, असा झाला. हा अन्याय होता असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढे हा शब्द तुकड्यातुकड्याने खोडला गेला. शाळांसाठी २० जुलै २००९ ला, अकरावी-बारावीसाठी २०१४ मध्ये. वरिष्ठ महाविद्यालयांच्या कागदावर तो राहिला. एकाच इमारतीत, एकाच स्टाफरूममध्ये याचा परिणाम दिसायचा. मी अशाच एका कॉलेजात सहा वर्षं तासिका तत्त्वावर मराठी शिकवलं. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या सरांकडे बारावीचे तास होते, त्यांना 'टप्पा कधी मिळणार' याची वाट पाहता येत होती. मला वाट पाहण्यासारखंही काही नव्हतं. दर महिन्याला तास मोजून बिल लिहायचं, आणि उन्हाळ्यात तेही नाही.

मुलं मात्र यायची. ऑफिसबाहेरच्या फळ्यावर विद्यापीठाच्या परिपत्रकाशेजारी एसटीच्या वेळा खडूने लिहिलेल्या असत. वरच्या वाड्यांची गाडी पावणेअकराला यायची, म्हणून पहिला तास अकराला. जुलैत दरड आली की हजेरीत त्या वाड्यांची सगळी नावं एकदम गैरहजर. एफवायला चाळीस मुली आणि अकरा मुलगे, हे एका वर्षाचं माझ्या हजेरीपटावरचं चित्र. त्यातल्या बहुतेक मुलींच्या घरात कॉलेजात जाणारी ती पहिलीच.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक संस्थेत तीन हजार किंवा अधिक विद्यार्थी असावेत असं उद्दिष्ट लिहिलं आहे. धोरणानुसार मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्याचे पेपर आणि चौथं वर्ष आलं. विषयाला एकच शिक्षक, तोही तासिकेवर, असेल तिथे निवड करायची म्हणजे दोन पर्यायांपैकी जो शिकवला जातो तो घ्यायचा. आता छोटी कॉलेजं एकत्र करावीत, समूह करावेत अशा सूचना येतात. एकत्र कुठे, तर घाटाखाली. खालच्या कॉलेजात वेळेवर पोचायचं तर वरच्या वाडीतल्या मुलीला पहाटे साडेपाचची गाडी धरावी लागेल, आणि साडेपाचला वरून गाडी निघत नाही.