आधी शोध, मग डॉक्टर: कर्करुग्णांच्या माहितीशोधाची पार्श्वभूमी

कर्करोगाचा रुग्ण हल्ली तपासणीला येतो तोच बरंचसं वाचून. याचं खापर सर्रास इंटरनेटवर फुटतं. पण उत्तरं बाहेर शोधायची सवय त्याहून जुनी आहे, आणि ती लावली दवाखान्यातल्या मौनाने. डोनाल्ड ओकेन यांनी १९६१ साली अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांची पाहणी केली. त्यातल्या सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल रुग्णाला रोगाचं नाव न सांगण्याकडेच होता. हेतू दयेचा असेलही; पण ज्याच्या शरीरात आजार, त्यालाच अंधारात ठेवलं की तो दुसरीकडे कान लावणारच. १९७९ साली तशीच पाहणी झाली तेव्हा चित्र पार उलटं होतं. ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे होते.

मधल्या काळात प्रसारमाध्यमांनीही तोंड उघडलं होतं. सप्टेंबर १९७४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि ती बातमी लपवली गेली नाही. तपासणीसाठी बायकांची रीघ लागली. अशा बातमीची दुसरी बाजू १९८७ मध्ये दिसली. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांनी स्तनाच्या कर्करोगावर पूर्ण स्तन काढून घेण्याचा पर्याय निवडला आणि पुढचे काही महिने अमेरिकेत केवळ गाठ काढून स्तन वाचवणाऱ्या शस्त्रक्रियांचं प्रमाण घटलं. एका बाईचा खासगी निर्णय बातमीतून वाचणाऱ्या कितीतरी जणींनी सल्ल्यासारखा घेतला, असंच म्हणावं लागेल.

बातमी वाचून प्रश्न पडतात, पण बातमीला उलट प्रश्न विचारता येत नाही. ती सोय फोनने केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने सत्तरच्या दशकाच्या मध्यात विनाशुल्क माहितीसेवा सुरू केली. ब्रिटनमध्ये १९८५ साली ‘बॅकअप’ ही संस्था उभी राहिली, ती डॉ. व्हिकी क्लेमंट-जोन्स यांच्यामुळे. त्यांना स्वतःला अंडाशयाचा कर्करोग होता. डॉक्टर असूनही रुग्ण झाल्यावर माहितीवाचून किती अडतं, हे त्यांनी भोगलं होतं.

मग इंटरनेट आलं. अमेरिकेत २००२-०३ मध्ये प्रौढांची मोठी पाहणी झाली. सर्वाधिक भरवसा डॉक्टरांवरच, असं लोकांनी सांगितलं. मात्र ज्यांनी कर्करोगाची माहिती खरोखर शोधली होती, त्यांतले ४८.६ टक्के आधी इंटरनेटकडे वळले होते आणि डॉक्टरांकडे फक्त १०.९ टक्के. भरवसा एकीकडे, पावलं दुसरीकडे! मला यात विसंगती वाटत नाही. डॉक्टरांची वेळ घ्यावी लागते, आणि रात्री दोनला पडलेला प्रश्न सकाळपर्यंत थांबत नाही.

समाजमाध्यमांनी यात भलतीच भर घातली. चार प्रमुख कर्करोगांवरचे, तिथे खूप फिरलेले २०० लेख तज्ज्ञांनी तपासले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जवळपास एक-तृतीयांश लेखांत चुकीची माहिती निघाली, आणि त्याच लेखांना प्रतिसाद जास्त होता.

त्याच वर्षी एप्रिलपासून अमेरिकेत तपासणीचे निकाल विनाविलंब रुग्णाला खुले करण्याचा नियम लागू झाला. त्यामुळे बायोप्सीचा रिपोर्ट कित्येकदा डॉक्टरांच्या फोनआधी मोबाइलवर येऊन पडतो. ‘ग्रेड ३’ (पेशी किती बिघडल्या आहेत याची श्रेणी) एवढं वाचून माणूस शोधायला लागतो आणि पाच वर्षं जगण्याच्या टक्केवारीपाशी येऊन अडकतो. ती टक्केवारी काही वर्षांपूर्वी निदान झालेल्यांची असते, बहुधा तेव्हाच्या उपचारांवरची. आकड्याशेजारी हे लिहिलेलं असलं, तरी त्या घडीला तिकडे लक्ष कोणाचं जाणार?